पेटीचा उजवा

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मी काही पराक्रम केला असा कुणाचा समज व्हायला नको. लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीत आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या दाराशी रूळ, आणि पुढच्या ओट्यासमोरून डोंगरावरच्या वाडीची पायवाट. घाट चढून येणाऱ्या मालगाडीला मागून ढकलणारी इंजिनं असत. ती गाडीपासून सुटताना डब्यांवरून धाड धाड असा आवाज पळत जायचा आणि आमच्या फळीवरचे पितळेचे पेले थरथरायचे. वसाहतीतल्या बाकीच्या पोरी त्या आवाजावर झोपी जायच्या. मी आईच्या पदराचं टोक मुठीत धरून पडायचे. विजेची भीती त्याहून मोठी. रुळांवरच्या तारेला खंडाळ्याजवळ एक वानर चिकटलेलं मी पाहिलं होतं आणि तो जळका वास कित्येक दिवस माझ्या नाकातून गेला नव्हता. घरात एकच दिवा, पण त्याचं बटण दाबायलाही मी आईला हाक मारायचे. आई भाकरी थापता थापता करवादायची, "आगं, बापाचं आख्खं खातं इजंवर चालतंय, आन् लेक बटणाला भिती!"

बापाला आम्ही आबा म्हणायचो. ते सिग्नलच्या खात्यात खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार, होते. बोलणं कमी, शिस्त फार. रेल्वेचा खिळासुद्धा घरात आणायचा नाही, हा त्यांचा नेम. मी नुकती चालायला लागले होते तेव्हा आमच्या घरानं धम्म घेतला आणि घरातले देव त्याच वेळी निघाले. त्यानंतर कुणी ओट्यावर बसून नवस, उतारा, कौल असलं काही बोलू लागलं की आबा उठून मागच्या दारी जायचे. कौलाचं तर नाव काढायची सोय नव्हती. एकदाच, कुठल्याशा रागात, त्यांनी मला त्याचं कारण सांगितलं होतं. गावच्या देवळात देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमची माणसं पायऱ्यांच्या खाली, पावसात असली तरी पावसात, उभी राहायची. आतून कुणीतरी ओरडून सांगायचं, उजवा झाला किंवा डावा झाला. आबा म्हणाले, "आमाला पाकळी कदी दिसली न्हाई. निस्ता निकाल ऐकू यायचा."

पण खेळाचं वेड मला आबांनीच लावलं. लाइनीवर काम नसलं की त्यांची माणसं रुळाकडेची खडी घेऊन एक खेळ खेळत. तेरा खडे मांडायचे. पाळीपाळीनं एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा खडा ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. आबा कधीच हरत नसत आणि बरेच दिवस मला वाटायचं की त्यांना समोरच्याच्या मनातलं कळतं. मग त्यांनीच गुपित फोडलं. समोरच्याला आधी उचलू द्यायचं, आणि त्याचे नि आपले मिळून दर वेळी चार करायचे. त्यानं एक उचलला तर आपण तीन, त्यानं तीन उचलले तर आपण एक. बस्स. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात आलं की एवढंच करायचं असेल तर ते एखादी पेटीसुद्धा करेल. एकचं बटण दाबलं की तिसरा दिवा पेटला पाहिजे. दोनचं दाबलं की दुसरा. तीनचं दाबलं की पहिला. आणि शेवटचा खडा उरला की चौथं बटण दाबायचं, म्हणजे लाल दिवा: हरलात. विजेला भिणाऱ्या मुलीला दिव्यांची पेटी करावीशी वाटली, याचं आईला फार हसू आलं. मला वाटतं, ज्याची भीती वाटते त्याच्याभोवतीच मन घुटमळतं. बुद्धजयंतीला वस्तीत मांडता येईल म्हणून आबांनीही मनावर घेतलं, आणि एका सुटीच्या दिवशी आम्ही दोघं बाजारात सुटे भाग निवडायला गेलो.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ होता. दुकानदार काका एका रेडिओचं पोट उघडून बसले होते आणि डाख लावायच्या राळेचा गोडसर धूर वर चढत होता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि एक लोखंडी ठोकळा पुढे ठेवला. "सेल किती दिवस पुरणार? घरात वीज आहे ना? हा ट्रान्सफॉर्मर लावा. दिवे लख्ख पेटतील." त्या ठोकळ्यातून निघालेल्या दोन वायरी भिंतीत जायच्या, एवढंच मला कळलं आणि वानर आठवलं. मी आबांच्या सदऱ्याआड गेले. काका समजावत राहिले, आबाही म्हणाले, "बघ, चांगला हाय म्हंत्यात." मी मान हलवतच राहिले. शेवटी टॉर्चचे जाडे सेल घेतले. पेटीसाठी बिस्किटांचा चकचकीत डबा काकांनी काढला. तोही मी पत्र्यातून वीज येईल म्हणून नाकारला आणि चहाच्या खोक्याच्या फळ्या मागितल्या. दारावरच्या घंटीची चार बटणं घेतली, पांढरे तीन बल्ब घेतले. एकेक भाग मी बोटाच्या टोकानं शिवून बघत होते, गरम लागतो का, मुंग्या येतात का. त्यातल्या एकाही भागात अजून वीज गेलेली नव्हती, हे मला सांगूनही पटत नव्हतं.

लाल काचेच्या टोपीचा दिवा मात्र एकटा मिळेना. त्याच्यासोबत हिरवा होता आणि काका जोडी फोडायला तयार नव्हते. आबांनी विचारलं, "ह्यो हिरवा कशाला मग?"

"दुसऱ्या कोपऱ्यात बसवते. तोंडाला दोन डोळे असल्यासारखं दिसेल."

"आन् पेटणार कवा?"

"कधीच नाही. पेटी हरतच नाही ना! त्याला वायरच जोडायची नाही."

"म्हंजी काणी हाय म्हन तुजी पेटी," आबा म्हणाले, आणि दुकानात ते मोठ्यानं हसले. आबांचं मोठ्यानं हसणं मी बोटावर मोजण्याइतक्या वेळा ऐकलं आहे, म्हणून ते लक्षात राहिलं.

परवा तळेगावात माझा नातू असाच सुटे भाग मांडून बसला होता. खेळासाठी स्वतः संगणक जोडायचा होता त्याला. हे कार्ड घेऊ की ते, हा पंखा पुरेल का, डब्याला काच हवी की नको. मला म्हणाला, आजी, तुला यातलं काही कळणार नाही. मी म्हटलं, नसेल कळत बाबा, पण आतून रंगीत दिवे लावणार आहेस, त्यांचं काम काय? तर म्हणाला, काही नाही, नुसते शोभेचे. मला आमचा हिरवा दिवा आठवला. त्याला काय सांगणार!

जयंतीला पेटीनं वस्तीतल्या सगळ्यांना हरवलं. मग पाऊस लागला, आणि लोणावळ्याचा पाऊस म्हणजे भिंतींना घाम, चपलांना बुरशी आणि काड्यापेटी चुलीच्या वैलावर ठेवायची. पेटी ओट्यावरच्या कोनाड्यात असायची. तिथेच ती ठकूमावशीच्या नजरेला पडली. ठकूमावशी डोंगरावरच्या वाडीतली. आमच्याकडे मोळी घालायची, पावसात चिंबोऱ्या आणि भारंगीची भाजी आणायची. आई त्या चिंबोऱ्यांचा तिखटजाळ रस्सा करायची आणि त्या दिवशी आंबेमोहोराचा भात मोजून शिजवणं तिला जमायचं नाही. मावशी आमच्या घरचं पाणी प्यायची नाही. आई आग्रह करायची नाही, आणि दोघींचं गूळपीठ असं की बघणाऱ्याला ही गोष्ट कळूही नये. पेटीला हात लावायला मात्र तिची ना नव्हती. ती खेळली, हरली, पुन्हा खेळली, पुन्हा हरली. पदर तोंडाला लावून खूप वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हिला समदं ठावं हाय गं. ही खोटं बोलायची न्हाई."

"मावशी, आत नुसत्या वायरी आहेत."

"आसतील की," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून मोळी टाकली की ती पेटीकडे एकदा मान झुकवून जायची. मला ते बघून बरं वाटायचं नाही. आबांच्या डोळ्यांवर येईल याची भीती वाटायची.

भादव्यातली ती सकाळ मला अजून नीट दिसते. आबा रात्रपाळीहून यायचे होते. पावसाची भुरभुर होती. वाडीतले दोन गडी काठीला घोंगडीची झोळी बांधून उतरले आणि ओट्यावर त्यांनी झोळी टेकवली. आत हौसा होती, ठकूमावशीची एकुलती एक मुलगी, माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी. कितीतरी दिवस तिचा ताप हटत नव्हता. ओठांवर पापुद्रे आले होते, डोळे अर्धे उघडे, आणि ती कुणाशीतरी बोलत होती, पण तिथल्या कुणाशी नाही. आमच्या ओट्यावरून एक वाट दवाखान्याकडे जायची आणि दुसरी पलीकडच्या वाडीतल्या भगताकडे. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "ने की गं दवाखान्यात! थांबलीस कशाला हितं?"

"धनी तितंच गेला माजा," ठकूमावशी म्हणाली. "पायानं चालत गेलता, खांद्यावर आला. देवाला इचारलं. दोन दिस बसले, पाकळी हलली न्हाई. आता ही सांगंल." आणि ती कोनाड्यासमोर मांडी घालून बसली. पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले. "उजवा दिलास तर दवाखान्यात न्हेते. डावा दिलास तर भगताकडं. तू खोटं बोलत न्हाईस."

पेटीवर दोन कोपऱ्यांत दोन दिवे होते. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. आणि पेटीला लालशिवाय दुसरं काही पेटवता येत नव्हतं! ती कशीही खेळली तरी लाल पेटणार, डावा होणार, आणि हौसाला भगताकडे नेणार. आई तिला पुन्हा समजावत होती. मी समजावून काय होणार होतं? वायरी आहेत म्हणून मी आधीच सांगून पाहिलं होतं. मी म्हटलं, "मावशी, सेल ओले झालेत, बदलून आणते," आणि पेटी उचलून आत पळाले. मागची फळी काढली. लालची वायर सोडवायची आणि हिरव्याला पिरगाळायची, एवढंच काम. पण वायरीला हिरवा गंज चढला होता, नखानं खरवडून निघेना, आणि बाहेर हौसा एकदम मोठ्यानं ओरडली. शेवटी वायर कशीबशी पिरगाळली. सेल तर बदलायला नव्हतेच. जयंतीचेच होते, दमट हवेनं मेलेले. हिरवा पेटेल की नाही, हे बघायलाही धीर झाला नाही. तेव्हा मला तो लोखंडी ठोकळा आठवला. तो घेतला असता तर दिवा लख्ख पेटला असता.

मी पेटी पुन्हा कोनाड्यात ठेवली आणि तेरा खडे मांडले. ठकूमावशी घाईत नव्हती. एक उचलला, बटण दाबलं. तिसरा दिवा मिणमिणला. मी तीन खडे काढले. मग तिनं दोन उचलले. दिवा आणखी मंद. दोन्ही गडी माना पुढे करून बघत होते. शेवटी एकच खडा उरला आणि तिनं चौथ्या बटणावर बोट ठेवलं. दाबलं. काहीच झालं नाही. तिनं बोट काढलं नाही. मग हिरव्या काचेत एक ठिपका आला, गेला, पुन्हा आला आणि टिकला. मी श्वास सोडला.

ठकूमावशीनं डोळे मिटले. "डावा," ती म्हणाली. "उचला रं."

"उजवा आहे, मावशी! हा बघ, उजवीकडे!"

"तुज्या उजवीकडं. ती माज्याकडं तोंड करून बसलीया न्हवं? तिचा डावा."

मला तेव्हा कळलं. कौलात उजवा म्हणजे देवाचा उजवा, बघणाऱ्याचा नव्हे. पायऱ्यांच्या खाली उभं राहणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी वायरीला हात लावला नसता, तर लाल पेटला असता, तो पेटीचा उजवा ठरला असता आणि झोळी एव्हाना दवाखान्याच्या वाटेला लागली असती. माझ्या हातांनी मी हौसाला भगताकडे पाठवत होते. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही, दोन बाळंतपणं आणि नवऱ्याचं आजारपण काढूनही, वाटलेली नाही. गड्यांनी काठी खांद्याला लावली.

"थांबा," मागून आवाज आला. आबा ओट्याच्या पायरीवर उभे होते, अंगावरच्या रेनकोटातून पाणी गळत होतं. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते हिरव्या दिव्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मला अगदी अनोळखी दिसला. मला वाटलं, आता पेटी फेकून देतील. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या लेकीच्या पेटीतून कौल लावला होता. पण ते ठकूमावशीसमोर उकिडवे बसले.

"ठकू, देवाचं निराळं. ही गाडीच्या जातीची हाय. गाडीचा उजवा कुटला? डायवरचा उजवा. म्होरं जाऊन गाडीकडं तोंड करून हुबं ऱ्हायलं म्हनून गाडीचा उजवा बदलत न्हाई. जो बसून चालवतो, त्येचा उजवा. बटण तू दाबलंस न्हवं?"

ठकूमावशीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "भाऊ, तुमी देव सोडला. मग कौलाचं तुमी कशापायी सांगताय मला?"

आबा खाली खड्यांकडे बघू लागले. मग ती माझ्याकडे वळली. "पेटी तुजी हाय. तू सांग. हिचा उजवा कुनाचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हौसाचा एक हात झोळीबाहेर लोंबत होता आणि त्यातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. मी म्हटलं, "बसणाऱ्याचा." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "बसणाऱ्याचा, मावशी."

ठकूमावशीनं आणखी एकदा हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि उठली. आबांनी एका गड्याच्या खांद्यावरून काठी स्वतःच्या खांद्यावर घेतली. रेनकोटसुद्धा न काढता, रात्रभर जागलेला माणूस झोळी घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागला. मी मागे मागे पळत गेले.

त्यानंतरचे दिवस नुसते भीतीचे. आतड्याचा ताप होता, डॉक्टर म्हणाले, आणि त्याहून जास्त काही सांगेनात. ती गेली असती तर? ठकूमावशीनं पेटीला दोष दिला नसता, तिनं आबांना दिला असता आणि आबांनी तो घेतला असता. मी शाळेतून थेट दवाखान्याच्या ओसरीवर जाऊन बसायचे. आबा ड्यूटी संपवून यायचे आणि माझ्या शेजारी बसायचे. त्यांनी मला त्या दिव्याबद्दल चकार शब्द विचारला नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या घरात कौल जुळवून दिला हे कळल्यावर ते काय करतील याचा मला अंदाज नव्हता. आई रोज ठकूमावशीसाठी घावनं बांधून द्यायची आणि घावनं रोज तशीच घरी परत यायची.

मग एका दुपारी ठकूमावशी बाहेर आली, आमच्यासमोर जमिनीवर बसली आणि रडायलाच लागली. ती म्हणाली, "पेज मागतीया. तोंडानं मागतीया." हौसा वाचली होती. आईनं दिलेलं पाणी त्या दिवशी माझ्या हातून घेऊन ती घटाघटा प्यायली. मग तोंड पुसून म्हणाली, "भाऊ, पेटीला नारळ फोडनार मी. गोडाचा निवद आनते."

आबांचा चेहरा पुन्हा त्या सकाळसारखा झाला. ते "येतो," एवढंच म्हणाले आणि निघाले. आम्ही रुळाकडेच्या वाटेनं घरी चाललो होतो. ते माझ्यापुढे, मान खाली. सिग्नलच्या खांबापाशी ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "कुसे, त्या हिरव्याला वायर नव्हती न्हवं?"

"नव्हती."

"मंग?"

आता सांगण्यावाचून सुटका नव्हती. मी म्हटलं, "मी जोडली, आबा. आत नेली तेव्हा. लालची काढून त्याला जोडली."

ते वळले. "तू जोडलीस? तुज्या हातानं?"

"होय."

"आपसूक न्हाई पेटला?"

"नाही, आबा. मीच जोडली."

मी मार खायच्या तयारीनं डोळे मिटले. काहीच झालं नाही, म्हणून उघडले. आबा रुळाकडेच्या खडीवर खाली बसले होते आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत होते. "मंग बरं झालं, बाई," ते म्हणाले. "लय बरं झालं. मी इतके दिस झोपलो न्हाई. मला वाटलं, जे सोडून आलो ते परत घरात शिरलं."